परत यायची जागा

मुकुंदा, कावळा पहिल्या झटक्यात शिवला.

मी तयारीने गेले होते. आपल्याकडे दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत, पण मी निघाले तेव्हा तुझे अण्णा, माझे अण्णामामा, नको म्हणाले नाहीत. कावळा आला नाही की माणसं हात जोडून गेलेल्याला एकेक वचन देत बसतात, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून आदल्या दिवशी मी यादी केली होती. अण्णांच्या औषधपाण्याचं मी बघेन. खालच्या खोलीचं सामान पुराच्या आधी वर चढवेन. बँडमधल्या इम्रान आणि शुभ्राला वाऱ्यावर सोडणार नाही. अशी दहा कलमं. अकरावं नुसता आकडा घालून मोकळं ठेवलं, कारण ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. गुरुजी पिंड ठेवून दोन पायऱ्या मागे सरले, मी पर्समधून कागद काढते तोवर कावळा भात उचलून गेलासुद्धा. सगळे म्हणाले, निर्मळ जीव, कशात अडकला नव्हता. मला राग आला. आयुष्यभर मला प्रत्येक स्टेशनावर, प्रत्येक हॉलच्या दारात ताटकळत ठेवलंस आणि नेमकी इथे घाई केलीस.

यादी तशीच घरी परत आली. तेव्हा अकरावं कलम आता इथे लिहिते.

तू गेल्यापासून तुझ्याबद्दल बोलणारे पुष्कळ निघालेत. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, शास्त्रीय आणि रॉक यांचा संगम. तुला तो शब्द किती खुपायचा. संगम प्रयागला असतो, आपल्या काशीत नुसता पूर येतो, असं तू एका मुलाखतीत सांगून त्या मुलीला गप्प केलं होतंस. बँडचं ‘जलस्तर’ हे नावही त्यातूनच आलं. ब्रह्माघाटच्या तुमच्या घरातल्या खालच्या खोलीत ज्या ज्या वर्षी गंगा आली, त्या त्या वर्षाची रेघ भिंतीवर आहे. सगळ्यात वरची रेघ माझ्या डोक्याच्याही वर आहे. त्या रेघांवर तू गोधड्या ठोकल्यास, आवाज घुमू नये म्हणून, आणि तिथे ड्रम मांडलास. वरच्या मजल्यावर अण्णांची वेदांची संथा चालायची आणि खाली तुमचा धिंगाणा. दोन्हीकडच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून वेळापत्रक मीच केलं होतं. ते जिन्यात अजून चिकटवलेलं आहे.

मला तू बँडमध्ये आणलंस तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी, दूधविनायकला घर, आईचं सगळं अंथरुणावर. दोन तास कुठे जावं असं ठिकाण मला नव्हतं. तू येऊन म्हणालास, “ताई, तुला सुरातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. पण तू बरोबर असलीस की गाडी चुकत नाही. येतेस?” त्यानंतर वायरी मोजणं, तिकिटं काढणं, कुठल्या माइकला कुठला चॅनल याचा तक्ता करणं, हे सगळं माझं झालं. तू मला हेडऑफिस म्हणायला लागलास. वर गेलीस तरी आधी हजेरीपट मागशील, असंही म्हणायचास. मी कधी आभार मानले नाहीत. आता मानते. त्या खोलीत येऊन वायरी गुंडाळायला लागले की माझ्या डोक्यातला गोंगाट थांबायचा. वायरी तू नेहमी हाताच्या कोपराला गुंडाळायचास, त्याने आतली तार तुटते हे शंभरदा सांगूनही. तो वाद काही मी सोडलेला नाही.

पण मुख्य वाद दुसरा होता.

अण्णा घनपाठी, वेद उलटसुलट पाठ असलेले. तूही सोळा वर्षांचा होईपर्यंत त्यांच्यासमोर बसून म्हटलंस आणि मग एक दिवस उठलास तो गिटार घेऊन आलास. अण्णा रागावले नाहीत. तुमचं बोलणं मात्र त्या दिवसापासून कामापुरतं झालं. तू मंत्राचा एक शब्दही कधी गाण्यात घेतला नाहीस, ती मर्यादा पाळलीस. घेतलीस ती नुसती मांडणी. मला तू ती चहाचे मातीचे कुल्हड ओळीत मांडून समजावली होतीस. पहिला-दुसरा. मग उलट, दुसरा-पहिला. मग पहिला-दुसरा-तिसरा. मग उलट, तिसरा-दुसरा-पहिला. आणि मग पुन्हा सुलट, पहिला-दुसरा-तिसरा. हे झालं की पहिल्याला सोडून दुसऱ्यापासून तसंच पुढे. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? तू म्हणालास, म्हणजे मधलं काही गळत नाही आणि बाहेरचं काही शिरत नाही. गळलं तर लगेच कळतं. मला ते फार आवडलं. हिशोब जुळवायची इतकी पक्की रीत मी परीक्षा विभागातही पाहिली नव्हती.

‘पायऱ्या’ हे गाणं तू तसंच बांधलंस. शब्दांच्या जागी सूर. दोन सूर पुढे, दोन मागे, तीन पुढे, तीन मागे, तीन पुढे. खाली इम्रानचा ड्रम आणि शुभ्राचा बेस, वर तुझा आवाज आणि गिटार. शेवटच्या कडव्यात मात्र ती पाचवी, सुलटी फेरी तू वाजवायचाच नाहीस. तिथे सगळं थांबायचं. गिटार नाही, ड्रम नाही, काहीच नाही. मग माइकमध्ये तुझा नाकाने ओढलेला श्वास ऐकू यायचा, आणि त्या श्वासावर तिघं एकदम पुढच्या जोडीवर. लोक त्या जागेत खोकायचेसुद्धा नाहीत.

मी ती जागा घड्याळाने मोजली होती. कधी सहा सेकंद, कधी नऊ, एकदा अकरा. मी म्हटलं, कानात क्लिकचे ठोके लावा, सगळे मोजून आत येतील. तू नाही म्हणालास. उद्या तुला खोकला झाला तर? तर गाणं खोकेल, म्हणालास. मी चिडून म्हटलं, “आणि तू नसलास तर?”

“तर थांबायचं,” तू म्हणालास. “मी कुठे जाणार आहे?”

मग त्या मुंबईच्या लोकांचं पत्र आलं. देशभरातल्या दहा बँडांचा संग्रह ते काढणार होते आणि त्यात ‘पायऱ्या’ हवं होतं, फक्त ती मोकळी जागा काढून. ऐकणाऱ्याला वाटेल गाणं संपलं, तो पुढे जाईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. इतकी वर्षं खालच्या खोलीत वाजवून पहिल्यांदा कोणीतरी बोलावत होतं. आपण चार दिवस भांडलो. शेवटच्या दिवशी तू आवाज न चढवता म्हणालास, “ताई, बाकी काहीही काप. त्या जागेला हात लावू नकोस.” मी म्हटलं, बघू.

गुरुवारी दुपारी मी एकटीच स्टुडिओत गेले, ती जागा काढायला लावली आणि तिथूनच फाइल पाठवून दिली. तुला संध्याकाळी सांगणार होते. फाइल गेल्याची वेळ माझ्या फोनमध्ये आहे, चार वाजून अकरा मिनिटं.

त्याच वेळी तुमची तालीम चालू होती. शुभ्राने सवयीप्रमाणे फोनवर रेकॉर्डिंग लावलं होतं. ते मी ऐकलंय. एकदाच. ‘पायऱ्या’चं शेवटचं कडवं येतं. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे, तीन मागे. आणि थांबतं. सहा सेकंद जातात, अकरा जातात. वरून अण्णांकडच्या, त्या दिवशी वेळेआधीच बसलेल्या संथेचा आवाज येतो. पंखा फिरतो. इम्रान नंतर मला म्हणाला, त्याला वाटलं भाई आज जरा जास्तच ताणतायत. तू स्टुलावर बसला होतास, डोळे मिटलेले, गिटार मांडीवर, बोटं तारांवर. तू नेहमी तसाच बसायचास. ते दोघं तुझ्या श्वासाची वाट पाहत राहिले. दोन मिनिटं आणि काही सेकंद. मग इम्रानचा अगदी हळू आवाज येतो, “मुकुंद भाई?”

रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ फोनवर असते. त्यावरून मी हिशोब केला. ती शेवटची थांबलेली जागा चार वाजून अकरा मिनिटांनी सुरू होते.

डॉक्टर म्हणाले हृदय, एका क्षणात, कळलंही नसेल. मी त्यांचं म्हणणं मानते. जुळलेल्या वेळा म्हणजे कारण नव्हे, हे मला कळतं. पण ते अकरावं कलम हेच आहे, मुकुंदा. तू त्या जागेत होतास तेव्हा मी ती कापून पाठवत होते.

तेराव्यानंतर इम्रान म्हणाला, अहिल्याबाई घाटावरचा आधीच ठरलेला कार्यक्रम तुझ्यासाठी म्हणून करू. तुझा आवाज आणि गिटार जुन्या रेकॉर्डिंगमधून लावायचे, ते दोघं बरोबर वाजवणार. ‘पायऱ्या’च्या त्या जागेपाशी मात्र अडलं. जुन्या रेकॉर्डिंगमधला श्वास वापरायला शुभ्रा तयार होईना. म्हणाली, वह नहीं, दीदी. म्हणून तिथे रेकॉर्डिंग बंद करायचं आणि पुढचं कडवं दोघांनीच वाजवायचं ठरलं. आत कसं यायचं ते तालमीत बघू, असं मी म्हटलं.

पहिल्या तालमीत ते थांबले. मी घड्याळ दाबलं. सात सेकंद, आणि दोघं एकदम आत. जरासुद्धा मागेपुढे नाही. मी विचारलं, इशारा कोणी दिला? इम्रान म्हणाला, शुभ्राने. शुभ्रा म्हणाली, इम्रानदांनी. मी म्हटलं, पुन्हा. या वेळी दहा सेकंद, पुन्हा एकदम. तिसऱ्या वेळी मी इम्रानला ड्रमसकट भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि शुभ्राला बेस घेऊन दाराबाहेर जिन्यात उभं केलं. वायर पुरत नव्हती, जोड लावली. मधे मी, घड्याळ घेऊन, तुझ्या स्टुलापाशी. आठ सेकंद. एकदम.

“आपने गिना था न?” इम्रानने मान न वळवता विचारलं.

मी मोजलं नव्हतं. मी तर श्वाससुद्धा घेतला नव्हता. शुभ्रा जिन्यातून आत आली, बेस खाली ठेवला, आणि त्या दिवशी कोणी आणखी वाजवलं नाही. निघताना मी स्टूल भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी आले तर ते खोलीच्या मधोमध होतं. अण्णांच्या घरी झाडायला येणाऱ्या बाईने सरकवलं असेल. मी तिला विचारलं नाही. सगळं विचारून खात्री करून घेणारी मी, हे तेवढं विचारायचं टाळते आहे.

त्या आठवड्यात अण्णांनी मला वर बोलावलं. गादीवर बसले होते, समोर पोथी बंद. म्हणाले, “त्याचं ते काय होतं, ते लाव बघू.” पंचवीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं. माझ्या फोनवर ‘पायऱ्या’ची एकच पूर्ण झालेली फाइल होती, ती कापलेली. मी तीच लावली. मनात म्हटलं, त्यांना काय कळणार.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, संथा देताना हलतो तसा. पुढे, मागे. तुझ्या गिटारीबरोबर नेमका. खालून येणारे ते सूर त्यांनी वीस वर्षं फरशीतून ऐकले होते, मुकुंदा, आणि आपल्याला वाटायचं त्यांनी कान मिटून घेतलेत. शेवटचं कडवं आलं. तीन मागे. आणि गाणं लगेच पुढच्या जोडीवर गेलं, मी कापलं होतं तिथून. अण्णांचा हात मात्र पुढे गेला नाही. तो हवेत थांबला.

“इथं गळलंय,” ते म्हणाले. “उलटं गेलात आणि सुलटं परत आलाच नाहीत. परत यायची जागा कुठे गेली?”

मी त्यांना सगळं सांगितलं. मुंबईचं पत्र, स्टुडिओ, चार वाजून अकरा मिनिटं. दहाव्याला जे बोलता आलं नाही ते सगळं. सांगता सांगता मी रडायला लागले. अण्णांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

“कापलंस तर जोड,” ते म्हणाले. “रडतेस काय?”

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला कळवलं की पाठवलेली फाइल चुकीची आहे, बरोबर ती सोबत जोडते आहे. त्यांचं उत्तर सभ्य होतं. खेद वाटतो, पण या स्वरूपात गाणं घेता येणार नाही. संग्रहातली दहा गाणी नऊ झाली. इम्रानला आणि शुभ्राला खोलीत बसवून हेही सांगितलं. इम्रान बराच वेळ काठ्या एकमेकींवर घासत राहिला. त्यालाही तो संग्रह हवा होता, दोन लहान मुलींचा बाप आहे तो. मग म्हणाला, भाई होते तो आपको एक महीना हेडऑफिस नहीं कहते. आम्ही तिघं हसलो. तू गेल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच.

कार्यक्रम दिवस मावळताना होता. चॅनलचा तक्ता मी आदल्या दिवशी केला, म्हणजे जुनाच उतरवून काढला. घाटावर पोचले तर साउंडवाल्याने तक्त्याप्रमाणे सगळं मांडलं होतं. पायऱ्यांवरच्या मंचावर मधोमध एक माइक, पुढे रिकामं स्टूल. मी तक्ता पाहिला. चॅनल एक, मुकुंद. माझ्याच अक्षरात. इतक्या वर्षांत तक्त्यात माझी ही पहिली चूक. मी माइक काढायला वर गेले तर इम्रान म्हणाला, “रहने दीजिए, दीदी.”

माणसं बरीच होती. आपल्या गल्लीतली, विद्यापीठातली, नावेतून ऐकणारी. अण्णा घोंगडी घेऊन खालच्या पायरीवर बसले होते. तुझ्या कार्यक्रमाला आलेले अण्णा तू पाहिले असतेस तर वाजवायचं विसरला असतास. मी साउंडवाल्याच्या शेजारी, मंचापासून तीसेक पावलांवर, हातात घड्याळ.

‘पायऱ्या’ शेवटचं होतं. तुझा आवाज आला तेव्हा बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. मी लावला नाही, मला काम होतं. तीन पुढे. तीन मागे. आणि थांबलं. साउंडवाल्याने रेकॉर्डिंग बंद केलं, ठरल्याप्रमाणे. मी घड्याळ दाबलं. नावांची इंजिनं बंद होती. कुठल्यातरी देवळातली घंटा वाजत होती, तीही थांबली. पाणी दगडाला लागत होतं तेवढंच. माझा श्वास छातीत अडकलेला, सोडलेला नाही, घेतलेला नाही. खाली अण्णांचा हात हवेत. सहा. नऊ. अकरा. अकरानंतर मी आकडे पाहणं बंद केलं. मला एकदम ती दोन मिनिटं आठवली आणि वाटलं, आता कोणीच आत येणार नाही, आपण सगळे इथेच राहणार.

मग दोघं आत आले. एकदम.

अण्णांचा हात आधी मागून पुढे आला, पाचवी फेरी पुरी केल्यासारखा, आणि मग खाली आला.

नंतर मी इम्रानला तोच प्रश्न विचारला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम विचारतेय. म्हणाला, माइक तो खुला था, दीदी, सबने सुना. शुभ्राने मान डोलावली. मी साउंडवाल्याला विचारलं. तो वायरी आवरत होता, कोपराला गुंडाळून. म्हणाला, एक नंबरपे हवा आई थी, नदी की तरफ से. मी ते मान्य केलं. संध्याकाळी गंगेवरून वारा येतो, माइकमध्ये शिरतो, फुस्स करतो. घाटावर कार्यक्रम केलेल्या कोणालाही हे माहीत आहे. फक्त त्या दिवशी वारा नव्हता. अण्णांच्या शेजारच्या बाईने पाण्यात सोडलेला दिवा पायरीपासून हललासुद्धा नव्हता.

साउंडवाल्याने प्रत्येक चॅनलचं वेगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून दिलंय. आठ फाइली. इम्रानचे पाच माइक आणि शुभ्राचा बेस मी ऐकले. घाटावरच्या लोकांच्या आवाजासाठी लावलेला माइकही ऐकला. त्यात ती जागा आहे, शांत, पूर्ण, आणि शेवटी कोणीतरी लहान मूल ‘आला’ असं म्हणतं. बापाला पायऱ्या उतरून येताना पाहिलं असेल. पोरं काय, कशालाही म्हणतात.

पहिली फाइल मी उघडलेली नाही. दहाव्याच्या त्या कागदावर अकराव्या कलमापुढे मी खूण केली आणि खाली बारावं लिहिलं, चॅनल एक ऐकणे. रोज संध्याकाळी मी ब्रह्माघाटला येते, अण्णांना औषध देते, खाली जाऊन पंखा लावते, स्टूल जिथे असेल तिथेच राहू देते आणि पेनड्राइव्ह हातात घेऊन बसते. घाई नाही. क्लिक नको म्हणाला होतास. मी थांबलेय, मुकुंदा. तू इशारा दिलास की लावेन.